समीक्षेचे सोवळे

रायपुरातील तात्यापारा ही मराठी माणसांची जुनी वस्ती. अठराव्या शतकात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास गादी मांडली आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, पुजारी, हिशेबनीस अशी माणसे छत्तीसगडात उतरली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी ही माणसे परतली नाहीत. नंतर कचेऱ्या, शाळा, रेल्वे यांच्या निमित्ताने आणखी कुटुंबे आली. आज या वस्तीतील जुने वाडे बहुतेक पडले आहेत. चौक गजबजलेला आहे आणि दुकानांच्या पाट्यांवरून येथे कधी मराठी बोलली जात असेल, असे कोणाला वाटणार नाही. तरी आमच्या पिढीपर्यंत घरात मराठी, बाजारात हिंदी आणि मोलकरणीशी छत्तीसगढी अशी भाषांची वाटणी पक्की होती. या वाटणीकडे आम्ही बहुभाषिकत्वाचा दाखला म्हणून अभिमानाने पाहत असू. तिच्यात एक उतरंड आहे, ही गोष्ट ध्यानात यायला मला आयुष्याची पन्नास वर्षे लागली. सत्तरी ओलांडलेल्या भंगी बाईला आमच्या घरातली आठ वर्षांची मुले 'तैं' म्हणत, आणि छत्तीसगढीत असेच बोलतात, असे आम्हांला खरोखर वाटत असे.

याच शहरात २ फेब्रुवारी १८८४ रोजी श्रीधर व्यंकटेश केतकर जन्मले. ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांपूर्वी, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना, त्यांनी भारतातील जातींच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग १९०९ साली प्रसिद्ध झाला. जात म्हणजे काय, याची त्यांनी केलेली व्याख्या दोन लक्षणांवर उभी आहे. जातीत जन्मलेल्यांनाच जातीत स्थान असते, आणि जातीबाहेर विवाह करण्यास समाजाचा कठोर नियम आड येतो. पुढे ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एका तरुण विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला. नेसफील्ड, रिस्ली, सेनार यांच्या व्याख्या त्याने तपासल्या. केतकरांच्या मोकळ्या दृष्टीची त्याने मुक्तपणे वाखाणणी केली, आणि मग शांतपणे दाखवून दिले की, केतकरांची दोन लक्षणे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न नाही म्हटले की आत जन्मलेलाच आत राहणार. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

जातीच्या या दोन्ही व्याख्या न्यूयॉर्क राज्यात, सात वर्षांच्या अंतराने, कागदावर उतरल्या, ही केवळ योगायोगाची बाब नसावी. जेथे कातडीच्या रंगावरून माणसाची जागा ठरते अशा समाजात राहत असताना दोघांनाही आपल्या घरचा पाया निराळ्या प्रकाशात दिसला असणे शक्य आहे. आपल्याकडे तर ही तुलना आणखी जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत दास्यविमोचनासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा तिने नावही तिकडूनच घेतले. २००१ साली दरबान येथे भरलेल्या वंशद्वेषविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न आणावा की नाही, यावर आपल्याकडे मोठा वाद माजला. भारत सरकारने तो आणण्यास विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, हा मुद्दा शास्त्र म्हणून खराच आहे. स्वतः आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातीला वंशाचा आधार नाही, असे निक्षून सांगितले होते. परंतु शास्त्र वेगळे आणि मनाचा व्यवहार वेगळा. मराठीत 'वर्ण' हा एकच शब्द रंगालाही चालतो आणि चातुर्वर्ण्यालाही. वधूवर सूचक मंडळाच्या वहीत 'गोरी' या शब्दाशेजारी पोटजात लिहिलेली असते. ज्याचा विठ्ठल काळा आहे असा समाज घरातल्या मुलीच्या काळेपणाचे दुःख करतो. हे विसंगत आहे, असे म्हणून आपण हसतो आणि पुढे जातो.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र समाजशास्त्राचा नाही. मराठी साहित्याने हा द्वेष कोणाच्या अंगी पाहिला, आणि मराठी समीक्षेने तो स्वतःच्या अंगी पाहिला का, एवढाच माझा प्रश्न आहे.

या विषयावरील आपल्या पुष्कळशा लेखनात वाचकाला बसायला एक सुरक्षित जागा ठेवलेली असते. जुलूम करणारा पाटील दुष्ट असतो, सावकार लोभी असतो, भटजी ढोंगी असतो. वाचक यांपैकी कोणीच नसतो. श्री. म. माट्यांच्या 'उपेक्षितांचे अंतरंग' (१९४१) मधील माणसे आजही जिवंत वाटतात. ज्यांना पुण्यातील स्वजातीयांनी 'महार माटे' म्हणून हिणवले, त्यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करू नये. तरीही त्या कथा वाचताना वाचकाच्या वाट्याला येते ती दात्याची भूमिका. आपण कणव देतो, ते घेतात. देणाऱ्याने स्वतःकडे पाहण्याचा प्रसंग तेथे येत नाही.

तो प्रसंग आणला विजय तेंडुलकरांनी, 'कन्यादान' (१९८३) या नाटकात. नाथ देवळालीकर हे समाजवादी कार्यकर्ते व आमदार. त्यांची मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित तरुण कवीशी लग्न करते. आपले घर आता खऱ्या अर्थाने जातिमुक्त झाले, म्हणून नाथ हर्षभरित होतात. पुढे अरुण ज्योतीला मारतो, दारू पितो आणि त्याच काळात त्याचे आत्मकथन गाजू लागते. त्या पुस्तकावरच्या सभेत बोलण्याचे निमंत्रण घेऊन तो सासऱ्याकडे येतो. तो निघून गेल्यावर नाथांचा तोल जातो. त्याच्या येण्याने ही बैठक, हे घर, हा दिवस विटाळला, येथे दुर्गंधी सुटली आहे, सारे धुऊन काढावेसे वाटते, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या तोंडून निघतात.

या प्रवेशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दलित वाचकांनी व कार्यकर्त्यांनी या नाटकावर रोष धरला. १९९३ चा सरस्वती सन्मान या नाटकाला मिळाला तेव्हा तो रोष अधिकच उफाळला. अरुण हा दलित तरुणाचा प्रातिनिधिक नमुना म्हणून उभा केला आहे, हा आक्षेप मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. परंतु नाटकाचे खरे केंद्र अरुण आहे, असे मी मानत नाही. केंद्र आहे ते नाथांच्या शब्दसंग्रहात. बायकोला मारणारा जावई ब्राह्मण असता तर नाथ काय म्हणाले असते? नराधम म्हणाले असते, पशू म्हणाले असते, पोलिसांत देतो म्हणाले असते. घर विटाळले, असे ते म्हणाले नसते. दुर्गंधी हा शब्द त्यांना सुचला नसता. त्यांचा राग न्याय्य आहे. पण त्या न्याय्य रागाला वाट मिळाली ती एका जुन्या, बंद केलेल्या मोरीतून. पन्नास वर्षांच्या समाजवादाने ती मोरी वरून लिंपली होती, बुजवली नव्हती.

तेंडुलकरांची प्रेक्षकावरची पकड येथेच आहे, आणि धोकाही येथेच आहे. अरुणचे वर्तन इतके घृणास्पद केले आहे की, प्रेक्षक नाथांच्या उद्गाराला मनात मान डोलावतो. तो उद्गार विटाळाचा आहे हे त्याच्या लक्षात येण्याआधीच मान डोलावून झालेली असते. नाटकगृहातून बाहेर पडल्यावर ज्याला ही मान आठवते, त्याच्यापुरते नाटक यशस्वी झाले. ज्याला आठवत नाही, त्याला ते आपल्या जुन्या समजुतीचा पुरावा वाटते. मी १९८० नंतरच्या त्या दशकात नागपुरास एका प्रयोगाला बसलो होतो. मध्यंतरात शेजारचे गृहस्थ चहा पिता पिता म्हणाले, "बघा, शेवटी रक्त बोलतं." मी काही उत्तर दिले नाही. गप्प राहण्यात सभ्यता आहे, असे मला त्या वेळी वाटले होते.

या नाटकामागे आणखी एक सावली मला दिसते. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' निघाला, त्याला प्रस्तावना तेंडुलकरांची होती. ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडून, शब्दांचे अर्थ विचारून लिहिलेली. आपल्या पांढरपेशा अनभिज्ञतेची कबुली देणारी ती प्रस्तावना मराठीत अपूर्वच म्हटली पाहिजे. अकरा वर्षांनी त्याच लेखकाने असे एक पात्र लिहिले की, ज्याला दलित कवीच्या पुस्तकावर सभेत बोलावे लागते, जो मुलीखातर गौरवाचे भाषण करतो, आणि ज्याला मुलगीच सुनावते की तुमचे भाषण खोटे होते. हा योगायोग असेलही. मला मात्र असे वाटते की, सवर्ण माणसाने दलिताच्या ग्रंथाची पाठराखण करावी म्हणजे नेमके काय करावे, हा प्रश्न तेंडुलकरांनी स्वतःलाच घातला होता. ज्योतीचे शेवटचे बोलणे याच प्रश्नाच्या पुढच्या टोकाला उभे आहे. मी आता त्यांच्यातली आहे, माझ्या सावलीपासून दूर राहा, असे ती बापाला बजावते. विटाळाची भाषा तिने उलटी फिरवली आहे. बापाने नकळत वापरलेली ती मुलगी जाणून वापरते.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा यापूर्वी वीस वर्षांची. त्या नावाचा संग्रह १९६३ मध्ये आला. दलित तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधना येथे येतो. पहिल्याच भेटीत जात विचारली जाते आणि तो आवेशाने तो प्रश्न परतवून लावतो. त्याच्या रुबाबाने समोरचा ओशाळतो. त्याला राहायला खोली मिळते, मैत्री मिळते, त्याच्या कवितेला चाहते मिळतात. मग जात उघडी पडते आणि तीच माणसे त्याला मारतात.

या कथेतील मारणारे कोण आहेत, याकडे अभ्यासकांनी पुरेसे पाहिलेले नाही. ते गावगुंड नव्हेत. ते रेल्वेतले कामकरी आहेत, स्वतःही परमुलखातले, पगाराची वाट पाहणारे. त्यांपैकी एक कवितेवर प्रेम करणारा आहे. काल ज्याच्या घरी आदराने बसवले त्याच्यावर आज हात उचलताना त्यांना आपण काही वाईट करतो असे वाटत नाही. उलट आपणच फसवले गेलो, असे वाटते. कथेचे शीर्षकच पाहा. जात 'चोरली' जाते. म्हणजे ज्याला लपावे लागले तोच चोर, आणि ज्यांनी लपायला लावले ते लुटले गेलेले गृहस्थ. सामान्य माणसाचा द्वेष दुखावलेल्या सज्जनपणाचे रूप घेऊन येतो, हे बागुलांनी जेवढे ओळखले तेवढे मराठीत क्वचितच कोणी ओळखले असेल.

कथेच्या शेवटी काशीनाथ हा दुसरा दलित कामगार निवेदकाला सोडवतो. मार निमूटपणे का खाल्लास, या त्याच्या प्रश्नावर निवेदकाचे उत्तर असे की, मला या लोकांनी कोठे मारले, मारले ते मनूने. मी वर्गात ही कथा अनेक वर्षे शिकवली आणि प्रत्येक वर्षी या शेवटाला मानवतावादी म्हटले. क्षमाशील म्हटले. आज मला त्या विशेषणांची लाज वाटते. मनूला दोषी धरले की वर्गातले आम्ही सारे सुटत होतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक अपराधी सापडला की आजच्या अपराध्याला श्रोत्यांत बसून हळहळता येते. निवेदकाचे ते वाक्य माझ्या मते क्षमेचे नाहीच. ज्यांनी मारले त्यांना आपल्या कृत्याचे धनीपणही उरलेले नाही, त्यांच्या हातातून दुसराच कोणी मारतो आहे, असे ते म्हणते. यापेक्षा भयंकर आरोप माणसावर करता येणार नाही. आणि शेजारी काशीनाथ आहे, ज्याला हे उत्तर पटत नाही. बागुलांनी त्याला कथेत ठेवले आहे, हे आम्ही विसरत होतो.

माझ्या स्वतःच्या लेखनाकडे वळणे आता भाग आहे. येथे मला संकोच वाटतो. कारण आत्मनिंदा हाही एक प्रकारचा स्नानविधी होऊ शकतो. चार लोकांदेखत स्वतःवर पाणी ओतून घ्यावे आणि शुद्ध होऊन बाहेर यावे. नाथ देवळालीकरांनाही सारे धुऊनच काढावेसे वाटले होते. तेव्हा जे घडले ते शक्य तितक्या कोरडेपणाने सांगतो.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर दोन वर्षांनी मी त्याच्यावर एका छोट्या वार्षिक अंकात परीक्षण लिहिले. ते प्रशंसेचे होते आणि त्याचे कौतुकही झाले. पुढे २००६ च्या सुमारास हिंदी घेऊन एम. ए. झालेला एक तरुण माझ्याकडे मराठी शिकायला येऊ लागला. सतनामी समाजातला, रायपूरपासून दूर असलेल्या एका खेड्यातला. माणसामाणसांत भेद नाही, अशी शिकवण देणाऱ्या गुरू घासीदासांची परंपरा सांगणारा हा समाज. आणि याच समाजाला छत्तीसगडच्या गावांनी शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले. त्याला दलित आत्मकथने मूळ मराठीतून वाचायची होती. आठवड्यातून तीन दिवस तो तात्यापाऱ्यातील आमच्या घरी येई. आम्ही 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी' अशी पुस्तके ओळीने वाचत गेलो.

एकदा कपाटात त्याला तो जुना अंक सापडला. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा माझ्या परीक्षणातील काही शब्दांखाली पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. त्याने विचारले, "सर, 'अस्सल' म्हणजे काय?" मी म्हटले, खरे, बनावट नसलेले. तो म्हणाला, "मग आपण ज्या दुसऱ्या लेखकांवर लिहिलंय ते बनावट आहेत का? त्यांना आपण कुठंच अस्सल म्हटलेलं नाही." त्याच्या स्वरात उपरोध नव्हता. तो भाषा शिकत होता आणि शब्दाचा उपयोग विचारीत होता.

त्या रात्री मी माझी जुनी परीक्षणे काढून बसलो. पांढरपेशा लेखकांसाठी माझी विशेषणे होती सूक्ष्म, तरल, चिंतनशील, व्यामिश्र. दलित व भटक्या समाजातील लेखकांसाठी होती अस्सल, रांगडे, दाहक, जळजळीत, उत्स्फूर्त. एका रांगेत मन होते, दुसरीत शरीर आणि अग्नी. पहिल्या रांगेतला लेखक लिहीत होता. दुसऱ्या रांगेतल्याच्या अंगातून लेखन आपोआप बाहेर पडत होते. एकाही दलित लेखकाला मी चिंतनशील म्हटले नव्हते, आणि एकाही पांढरपेशा लेखकाच्या भाषेला रांगडी म्हटले नव्हते, मग ती कितीही ओबडधोबड असो. प्रशंसेचे एकेक वाक्य घेऊन मी त्यात लेखकाचे नाव बदलून पाहिले. बहुतेक वाक्ये हास्यास्पद झाली.

'बलुतं'वरील परीक्षणात तर मी असे लिहिले होते की, एवढे भोगूनही लेखकाचा संयम सुटत नाही. हे माझे सर्वांत मोठ्या मनाचे वाक्य होते. त्यातील 'ही' या एका अक्षरात माझी सारी अपेक्षा उघडी पडली आहे. संयम सुटणार, असे मी धरून चाललो होतो. सुटला नाही, तेव्हा मी त्याला शाबासकी दिली. हे पुस्तक दगडू मारुती पवार हा दया पवारांना सांगतो आहे, अशी त्याची रचना आहे. एकच माणूस दोन नावांनी स्वतःसमोर बसतो. आपल्या माणसांची वाटलेली लाज, पांढरपेशा होत गेलेले आपले मन, घरातल्या स्त्रियांशी झालेले वर्तन, हे सारे तो लपवीत नाही. सवर्ण समीक्षकाने स्वतःविषयी जी चौकशी करायला हवी होती, ती या लेखकाने स्वतःविषयी करून ठेवली होती. इतकी गुंतागुंतीची रचना समोर असताना मला दिसले ते भोगणे आणि संयम. शिल्प दिसले नाही, कारण शिल्पाची अपेक्षा नव्हती.

माझ्या एका समव्यवसायी मित्राने हे ऐकून आक्षेप घेतला, तो नोंदवला पाहिजे. त्याचे म्हणणे असे की, विद्रोह, नकार, दाहकता हे शब्द दलित साहित्याच्या चळवळीनेच पुढे आणले. ढसाळांनी भाषा मुद्दाम खरबरीत केली. तिला खरबरीत म्हणणे हा द्वेष कसा? आक्षेप योग्य आहे. ढसाळांची एखादी कविता वाचून, तिचे शब्द तपासून, कोणी तिला खरबरीत म्हणाला तर तो समीक्षेचा धर्म झाला. माझे पाप निराळे होते. माझा शब्द पुस्तकाच्या आधी तयार होता. आडनाव वाचले आणि विशेषण निघाले. आमच्या वस्तीत नवा माणूस आला की "आपण मूळचे कुठले?" असे विचारतात. उत्तर ऐकण्यापूर्वीच पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचे ते ठरलेले असते. माझी समीक्षा अशीच चौकशी करीत होती.

आणि भांड्याचीही एक गोष्ट आहेच. तो तरुण आला की चहा मीच करीत असे, याचा मला थोडा अभिमानही होता. एके दिवशी नागपूरहून आलेला माझ्या एका नातलगाचा मुलगा त्याच्याबरोबर बसला होता. तबक घेऊन बाहेर येताना माझे लक्ष तबकाकडे गेले. एका बाजूला कपबशी होती, दुसऱ्या बाजूला स्टीलचा पेला. दोन्ही मीच ठेवले होते. तरुणांना चहा जास्त लागतो, म्हणून मी पेला देतो, असे मला इतके महिने वाटत आले होते. दुसराही तरुणच होता. मी दारात क्षणभर थांबलो, आणि परत आत जाऊन भांडी बदलण्याचे धैर्य मला झाले नाही. कारण बदलली असती तर दोघांच्याही लक्षात आले असते. त्याने नेहमीप्रमाणे पेला उचलला. त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते की नाही, हे मी कधी विचारू शकलो नाही. पुढच्या खेपेपासून मी सर्वांनाच पेल्यातून चहा देऊ लागलो. हा भ्याडपणा होता, हे मला कळते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे मी यानंतर पुन्हा वळलो. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे पुस्तक विनोदी, घरगुती, प्रांजळ म्हणून आपण वाचतो, आणि 'घरगुती' हे विशेषण स्त्रियांच्या रांगेसाठी राखून ठेवलेले असते, हेही जाता जाता सांगावे. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई नंतर त्यांच्याजवळ राहायला आल्या, तरी आपले सोवळेओवळे जपत, वेगळा स्वयंपाक करीत. मीठसाखरसुद्धा धुऊन घेणाऱ्या बापाची ही मुलगी. कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या हातचे पिऊ नये, याचा विचार करता करता जात ही माणसाने केलेली आहे, या निष्कर्षाला ती एकटी पोचते. कोणा पुढाऱ्याचे भाषण तिने ऐकलेले नाही. पण निष्कर्षाने काम भागत नाही, हे ती लिहिते. बुद्धीने मान्य केलेले पाणी घशाखाली उतरायला वेळ लागतो. शरीर मागे राहते.

लक्ष्मीबाईंच्या लेखनाचे मोल मला येथे जाणवते. मनाने सोडलेली गोष्ट हाताने सोडलेली नसते, ही अडचण त्या लपवीत नाहीत आणि तिचा गाजावाजाही करीत नाहीत. स्वतःला हसतात. नाथ देवळालीकरांना हसता आले नाही. ते प्रथम आदर्शवादी होते आणि मग उद्ध्वस्त झाले, मधली पायरी त्यांना माहीत नव्हती. सुधारकी परंपरेतील आपल्या बहुतेक नायकांचे हेच झाले आहे. केतकरांच्या 'ब्राह्मणकन्या' (१९३०) मधील कालिंदी आईच्या कुळामुळे समाजात अधांतरी राहते, आणि बापाच्या सुधारकपणाची किंमत मुलांनी का मोजावी, हा तिचा प्रश्न आहे. केतकरांनी तो प्रश्न निर्भयपणे मांडला. परंतु बापाच्या हातात त्या वेळी कोणते भांडे होते, हे पाहण्याची दृष्टी समाजशास्त्रज्ञाजवळ नव्हती. ती होती एका जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या बाईजवळ.

रायपुरात केतकरांचे नाव सांगणारी माणसे आता फार थोडी उरली. हिंदीचे अभ्यासक मुक्तिबोधांसाठी राजनांदगावला जातात. १९५८ ते १९६४ या काळात तेथील महाविद्यालयात शिकवणारा, घरात मराठी बोलणारा तो हिंदी कवी मध्यमवर्गीय माणसाच्या मनाची इतकी निर्दय झडती घेत होता की, ती वाचताना मला मराठी समीक्षेतील माझ्या पिढीचा आरामशीरपणा जाणवतो. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध आमच्याच भाषेत समीक्षा लिहीत होते. झडतीचा धडा घरातच उपलब्ध होता.

'बलुतं'वरील परीक्षण मी पुन्हा लिहायला घेतले. ते अजून पुरे झालेले नाही. 'अस्सल' काढला, 'दाहक' काढला. 'संयम' काढून त्या जागी 'अंतर' लिहिले: दगडू आणि दया यांच्यामधले अंतर. मग संपूर्ण परिच्छेदच बदलावा लागला, कारण अंतराविषयी लिहायचे तर ते कसे साधले आहे ते दाखवावे लागते, आणि त्यासाठी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे लागते. तो तरुण आता एका महाविद्यालयात हिंदी शिकवतो. दिवाळीत आला होता. मसुदा मी त्याला दाखवला. त्याने तो वाचला, खिशातून पेन्सिल काढली आणि तिसऱ्या पानावरच्या एका शब्दाखाली रेघ मारली. शब्द होता 'सोशीक'.